भिंतीवरचे अंश

सोमवार, १६ जून

ज्या शाळेने सहा वर्षांपूर्वी हातात भिंतीवरचं घड्याळ देऊन मला निरोप दिला, तिनेच आज परत बोलावलं. घड्याळ दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं होतं. गणिताची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे आणि सातवीला भूमिती शिकवायला माणूस नाही. मोठ्या बाई फोनवर म्हणाल्या, "बाई, तेवढी सहामाही निभावून न्या. तुमच्यासारखा पक्का पाया कोण घालणार?" या मोठ्या बाई म्हणजे माझीच विद्यार्थिनी. हिच्या कंपासपेटीत कर्कटक सोडून सगळं सापडायचं. आता मला पायाबद्दल सांगते.

मी नाहीच म्हणणार होते. घरात आम्ही दोघीच, आणि ताईचं तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं आहे. उजव्या छातीत गाठ निघाली, सगळी बाजूच काढावी लागली, काखेतल्या गाठींसकट. डॉक्टर सगळे शब्द सरळ उच्चारतात. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी ते आम्हाला कोणत्याच भाषेत शिकवले नव्हते, म्हणून मी 'उजवी बाजू' एवढंच म्हणते.

पण ताईच म्हणाली, "जा गं धाकटे. दिवसभर डोक्याशी बसून बोललीस तर मी अर्धी होईन. तशी झालेच आहे म्हणा." आणि स्वतःच हसली. मला असले विनोद खपत नाहीत. मी हो म्हणून टाकलं.

बुधवार, १८ जून

जखम भरली आहे. आता रेडिएशन, म्हणजे ताईच्या भाषेत शेक. ४ ऑगस्टची तारीख दिली. डॉक्टरांची अट एकच. मशीनखाली झोपवतात तेव्हा हात डोक्याच्या वर नेऊन एका खोबणीत ठेवावा लागतो. तो निदान एकशेवीस अंश वर गेला पाहिजे, नाहीतर घेता येत नाही. आणि शेक लांबले तर कुठे काही उरलंसुरलं असेल ते पुन्हा डोकं वर काढू शकतं.

म्हणजे उदाहरण सोपं आहे. आज हात चाळीस अंशांच्या आसपास. सात आठवडे. एकशेवीस.

इस्पितळाच्या व्यायाम विभागात एक पोरगी आहे. कालची. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दिवसातून चारदा, आणि दर आठवड्याला दाखवायला यायचं म्हणाली. कोन मोजते प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांनी, आणि तोही ताईला खाटेवर उताणं झोपवून. मी विचारलं, "माणूस हात काय झोपून वर करतो?" तर म्हणे, "काकू, अशीच पद्धत असते." मला काकू म्हटलेलं आवडत नाही. पद्धत असते म्हणून सांगितलेलं त्याहून आवडत नाही.

छत्तीस वर्षं मी कोन मोजायला शिकवले. घरी मी मोजणार.

शुक्रवार, २० जून

शाळेतलं फळ्यावरचं मोठं लाकडी कोनमापक घरी आणलं. मोठ्या बाईंच्या हातात नव्या चकचकीत फळ्याचं रिमोट होतं. "न्या, न्या," म्हणाल्या, जशी काही अडगळच काढतेय.

पुढची खोली ताईची. शिवणयंत्र, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांसाठीचा उभा आरसा. पन्नास वर्षं ती इथे बायकांचे कपडे बेततेय. तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. खांद्याशी पेन्सिलने ठिपका दिला, तो शिरोबिंदू. तिथून खाली सरळ रेघ, ती एक भुजा. मग हात बाजूने वर न्यायला लावला आणि मनगटाशी खूण केली, ती दुसरी. त्रेचाळीस अंश. शेजारी तारीख.

"लहानपणी उंची मोजायचे तसं वाटतंय," ताई म्हणाली.

"मग वाढून दाखव," मी म्हटलं.

आरशावर तिने जुनी चादर टाकली आहे. धूळ बसते म्हणून असेल. गिऱ्हाइकं बंद आहेत सध्या.

मंगळवार, २४ जून

सातवीच्या पोरांना कोनमापक धरता येत नाही. फळ्यावर एक कोन काढला, चांगला ऐसपैस. अर्ध्या वर्गाने एकशेवीस सांगितले, अर्ध्या वर्गाने साठ. मी म्हटलं, "एकाच कोनाची दोन मापं? कोन आहे की पुढारी?" हसले. त्यांचा दोष नाही. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढत जाते, एक उजवीकडून. पोरं दिसेल तो आकडा उचलतात.

मी माझा जुना नियम वहीत पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावला: आधी डोळ्यांनी बघा, मग कोनमापक लावा. कोन मोठा दिसतोय की लहान, ते आधी स्वतःला विचारा. आणि दुसरा नियम: शिरोबिंदू हलला की कोन गेला.

मधल्या रांगेत एक लांब वेण्यांची मुलगी आहे. तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई" असं सुरू होतं. "पण बाई, कागदच हलला तर?" "पण बाई, रेघ जाड असली तर आतून मोजायचं की बाहेरून?" मी तिचं नाव पणबाई ठेवलं. वर्गाने लगेच उचललं. तिला राग आला नाही, उलट शेपूट फुटल्यासारखी खूश झाली.

ताई आज त्रेपन्न. कंबर दुखते म्हणत होती. बसून बसून दुखणारच.

सोमवार, ३० जून

वर्गाला सांगून टाकलं. सगळं नाही. एका आजारी माणसाचा हात वर न्यायचा आहे, एकशेवीसपर्यंत, चार ऑगस्टच्या आत. रोजचा कोन मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहीन, तुम्ही आलेख काढा. पोरं एकदम सरसावून बसली. नुसत्या पुस्तकातल्या कोनांचं कोणाला काय पडलंय? आज एकसष्ट लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "बाई, त्या माणसाला सांगा, सातवी ब पाठीशी आहे!"

घरी येऊन ताईला सांगितलं. ती पुष्कळ हसली. मग म्हणाली, "म्हणजे आता चाळीस पोरांना रोज आकडा द्यायचा?"

"आणि वाढता द्यायचा," मी म्हटलं.

गुरुवार, ३ जुलै

सममिती सुरू केली. पुस्तकात माणसाचं चित्र आहे, मधोमध तुटक रेघ. दोन्ही अर्धे भाग जुळतात. पणबाईचा हात वर. "पण बाई, माणसाचे दोन्ही भाग खरंच सारखे असतात?"

मी म्हटलं, "बाहेरून असतात." मग म्हटलं, "पुढचं पान."

कागद दुमडून कापण्यापेक्षा आरशाने मुलांना लवकर कळतं. ताईचा उभा आरसा मागितला. ती म्हणाली, "ने की. परत आणायची घाई नको करूस." मन मोठं आहे तिचं. पन्नास वर्षांचा आरसा, पण एका शब्दाने कुरकुरली नाही.

खरं तर सममिती मी सिस्टरांकडून नाही, ताईकडून शिकले. ती आठवीतच शाळा सोडून कापायच्या टेबलाशी उभी राहिली, आणि मी कॉन्व्हेंटला गेले. माझ्या स्कर्टला सोळा चुण्या असायच्या, आठ इकडे आठ तिकडे. मदर सुपीरियर सगळ्या मुलींसमोर मला उभं करून म्हणायच्या, असा गणवेश पाहिजे. ताई कापड नेहमी दुमडीवर कापते. अर्धाच आकार आखायचा, दुमड उलगडली की पूर्ण. सात-आठ वर्षांची असताना मला ती जादू वाटायची.

बुधवार, ९ जुलै

आज भांडले. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काल घरी भिंतीवर चौऱ्याऐंशी अंश होते. आज त्या व्यायामवाल्या मुलीने तिच्या पट्ट्या लावल्या आणि म्हणाली, सहासष्ट.

मी म्हटलं, "एका दिवसात अठरा अंश गळून पडले का वाटेत?"

"काकू, झोपवून एवढाच येतोय. आणि इथे बघा, हात थोडा सुजलाय. यांना दुखतंय का विचारा."

"अहो, कोन हा कोन असतो. उभा काय आणि आडवा काय. मी तुमच्या वयापेक्षा जास्त वर्षं हेच शिकवलंय."

ताई खाटेवरून म्हणाली, "जाऊ दे ना धाकटे." मी काही जाऊ दिलं नाही. प्रमुखांच्या नावाने चांगली दोन पानी तक्रार लिहून दिली, माझ्या कॉन्व्हेंटच्या अक्षरात, परिच्छेद पाडून. आणि सांगितलं की यापुढे दर आठवड्याला येणार नाही. चार ऑगस्टला थेट मशीनवरच दाखवू.

रिक्षात बसलो. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच भांडले ना?" ती म्हणाली, "हो गं, माहीत आहे."

मंगळवार, १५ जुलै

एक्क्याण्णव. काटकोन ओलांडला! वर्गाने टाळ्या वाजवल्या. आता तो विशालकोन झाला असं पणबाईने उभं राहून जाहीर केलं.

शनिवार, १९ जुलै

ताईवर चिडले. दोन दिवस खूण तिथेच. "तू दुपारचा व्यायाम करत नाहीस," मी म्हटलं. करते म्हणाली. "मग आकडा का हलत नाही? सोमवारी पोरांना काय सांगू?" पाठ दुखते म्हणाली नुसती. मला सबबी ओळखू येतात, आयुष्यभर गृहपाठाच्या ऐकल्या आहेत. "दुखणारच, शिस्त लागते त्याला," असं काहीतरी म्हटलं. जरा जास्तच बोलले असेन. पण उपयोग झाला. संध्याकाळी पुन्हा मोजलं, शंभर.

शनिवार, २६ जुलै

एकशे बारा. सांगितलं नव्हतं? ती खूण करताना दात आवळून उभी असते, पण हात जातो. आज ताईला घट्ट मिठी मारली. आम्हा दोघींत ती पद्धत नाही. ती म्हणाली, "खूश?" मी म्हटलं, "खूश."

शुक्रवार, १ ऑगस्ट

काय लिहू?

आज वर्गात शरीराचे कोन मोजायचे होते. जोड्या केल्या. एकाने भिंतीशी उभं राहून हात वर करायचा, दुसऱ्याने खडूने खुणा करून मोजायचं. घरी करते तसंच. मागच्या बाकावरच्या त्या सातवी ब पाठीशीवाल्या पोराला मी गंमत म्हणून सांगितलं, "समज तुझा खांदा दुखतोय, हात साठच्या वर जात नाही. आता वर ने पाहू." त्याने तोंड वाकडंतिकडं केलं, कण्हला, आणि हात वर नेला. जोडीदाराने मोजलं. पंच्याण्णव.

पणबाई म्हणाली, "पण बाई, त्याचा हात वर गेलाच नाही. तो वाकतोय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तो अख्खा डावीकडे कलला ना. टाचा पण उचलल्या. खांदाच वर गेला, म्हणून मनगटाची खूण वर गेली. पण हात अंगापासून तेवढाच लांब आहे, साठ." आणि मग, माझ्याच आवाजात: "शिरोबिंदू हलला की कोन गेला."

वर्ग हसला. त्यांना वाटलं मीही हसेन.

घरी आले. ताई भिंतीशी जाऊन उभी राहू लागली, रोजच्यासारखी. मी म्हटलं, "थांब. कंबरेला धरते तुला." तिच्या दोन्ही बाजूंना हात ठेवले. किती हडकली आहे! "आता वर ने."

ती हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कळलं वाटतं."

मला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली. लाकडी चौकटीवर तिच्या कापड आखायच्या निळ्या खडूच्या बारीक रेघा होत्या, एकावर एक. डावा खांदा चौकटीच्या एका बाजूला टेकवून उभं राहिलं की वाकायला जागाच उरत नाही. समोरच्या बाजूवर बोटं चालवायची. जिथे थांबतील तिथे रेघ. जूनमधल्या रेघा चढत गेल्या आहेत. नऊ-दहा जुलैपासूनच्या सगळ्या एका जागी, इतक्या की एकच जाड रेघ वाटते. माझ्या खांद्याच्याही खाली.

"बाहत्तर-बिहत्तर असेल," ताई म्हणाली. "मला आकडे नाही येत. पण माप येतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू शाळेतून येतेस, चपला काढायच्या आधी भिंतीकडे बघतेस. मग माझ्याकडे. तुला आकडा वाढलेला हवा होता. मी वाढवून दिला."

मला राग आला. खरंच आला. "मूर्ख आहेस का? आकड्यासाठी करत होतो का आपण हे? चार तारखेला ते काय भिंत झोपवणार आहेत मशीनखाली?"

"सुरुवातीला वाटलं, एक-दोन दिवस वाकावं, तेवढ्यात हात सुटेल, मग खरा आकडा गाठेल तुझ्या आकड्याला." ती खुर्चीत बसली. "नाही गाठला."

सोमवार, ४ ऑगस्ट

हात गेला नाही. खोबणीच्या वीतभर अलीकडेच थांबला. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नाही. तंत्रज्ञाने दोनदा प्रयत्न केला आणि मशीन बाजूला सरकवलं.

ती व्यायामवाली मुलगी आली. माझी तक्रार तिच्या फाइलला लावलेली असणार. मी म्हटलं, "तुमचा आकडा बरोबर होता." आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही.

ती माझ्याशी नीटच बोलली, तेच जास्त लागलं. "झोपवून मोजतो कारण झोपलेल्या माणसाला वाकता येत नाही, काकू. दुखत असलं की सगळेच वाकतात. मुद्दाम नाही वाकत."

हे तिने मला जूनमध्ये का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

डॉक्टर आले. ताईचा हात, मान, पाठ दाबून पाहिली. कण्यावर एका ठिकाणी बोट ठेवलं तेव्हा ती दचकली. "पाठ कधीपासून दुखते?"

"जूनपासून," ताई म्हणाली.

"कोणाला बोलला नाहीत?"

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तसं विशेष नव्हतं," म्हणाली.

घरी येऊन ही वही मागे उलटली. चोवीस जून, एकोणीस जुलै. माझ्याच अक्षरात आहे. मी लिहिलंय, आणि मला ते माहीत नव्हतं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

हाडात गेलंय. कण्यात, कमरेत, उजव्या खांद्याच्या पात्यात. म्हणून हात वर जात नव्हता. आळस नव्हता तो.

मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, "दर आठवड्याला आणलं असतं तर?" ते म्हणाले, "महिनाभर आधी कळलं असतं. पण ते तेव्हाही तिथे होतंच. फार फरक पडला नसता." मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगतायत की म्हातारीची कीव करतायत, मला ओळखता आलं नाही. 'फार' म्हणजे किती, तेही विचारायचं राहिलं. मी, आणि माप विचारायचं राहिलं.

आता शेक फक्त दुखणं कमी करायला. पाठीला द्यायचे आहेत. त्याला हात वर न्यावा लागत नाही.

ताईने ऐकून घेतलं. रिक्षात म्हणाली, "चला, भिंतीपासून सुटले."

सोमवार, १८ ऑगस्ट

वर्गात कोपऱ्यात अजून एकशेबाराच होते, २६ जुलैनंतर आकडा हललाच नव्हता. पोरांनी शिपायाला पुसू दिला नव्हता. पुढचे आकडे कुठे आहेत म्हणून सगळे विचारत होते.

मी डस्टरने एकशेबारा पुसले आणि बाहत्तर लिहिले. मग सांगितलं. भिंत, ठिपका, वाकणं, सगळं. चूक कोणाची होती तेही. छत्तीस वर्षांत मी फळ्यावर चुकले असेन, पण माझी चूक मीच पोरांना असं उदाहरण म्हणून घातलं नव्हतं.

"म्हणजे आमचा आलेख खोटा?" पाठीशीवाला म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"आलेख बरोबर होता. आकडे माझे होते."

पणबाईने हात वर केला. आज पण बाई म्हटलं नाही. "ते जे आजारी आहेत ते... तुमचे कोण?"

"माझी ताई."

मग ती म्हणाली, "त्यांच्यावर चिडलात का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

रविवार, १४ सप्टेंबर

ताईला सदरा शिवून हवा आहे. सैल, पुढून गुंड्यांचा, उजवा हात वर न करता घालता येईल असा. जुने सगळे अंगावर लोंबतात, एका बाजूला चोळामोळा होतात. कापड तिने कधीच काढून ठेवलं होतं, राखाडी, मऊ. कात्री तिला चालवता येत नाही. मला येत नाही. मग दोघींनी मिळून.

मी कापड दुमडून टेबलावर पसरलं, तिला पाहत आले तसं. ती पलंगावरून म्हणाली, "अगं, दुमडीवर नको. दोन्ही बाजू वेगळ्या आखाव्या लागतील आता."

माप घ्यायला तिने अंगातला सदरा काढला. ऑपरेशननंतर मी तिला पाहिलं नव्हतं. पट्ट्या नर्स बदलायची, अंघोळ तिची ती करायची, मी दाराबाहेरून टॉवेल द्यायचे. आता पाहिलं. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत तिरकी रेघ, शेवटाला जरा चुरगळलेली, घाईत टीप घातल्यासारखी.

"काय बघतेस?" ती म्हणाली. "टीप वाकडी आहे. मी शिकाऊ बाईला उसवायला लावली असती."

मी हसले आणि मग मला हसणं थांबवता येईना, आणि ते हसणं राहिलं नाही. तिने डाव्या हाताने माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायची तशी. "टेप धर नीट. ओलं होईल, मापं पुसतील."

डावी बाजू, उजवी बाजू. दोन वेगळे आकडे, दोन वेगळे कागद.

रविवार, २१ सप्टेंबर

आज आरसा शाळेतून परत आणला, तिने मागितला म्हणून. दोघा शिपायांनी आणून पलंगासमोर ठेवला. चादर घालू का विचारलं तर मान हलवली. सदरा मी घातला, गुंड्या मी लावल्या. ती बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली, गिऱ्हाइकाकडे बघायची तशी, डोळे बारीक करून.

"डावा खांदा अर्धा बोट उतरलाय," ती म्हणाली.

"उसवू?"

"राहू दे. पहिल्यांदाच शिवलंयस."

गुरुवार, ९ ऑक्टोबर

शाळेतून आले. चपला काढल्या नाहीत, आधी ताईकडे पाहिलं. ओठ सुकलेले. उजवा हात उशीवर, सुजून चकचकीत, अंगठी काढावी लागेल. डोळे मिटलेले होते, पण झोपलेली नव्हती.

"काय आकडा?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"नाही मोजला," मी म्हटलं. पाणी दिलं. दोन चमचे प्यायली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सहामाही संपली. गणिताची बाई पुढच्या सोमवारी येते आहे. वर्गाने मला एक कागद दिला, आलेखाचा. सगळे आकडे खोडून त्यावर बाहत्तरची सरळ आडवी रेघ काढली आहे, शेवटपर्यंत, ठळक. खाली चाळीस सह्या. कोपऱ्यात बारीक अक्षरात: पण बाई, आम्ही पाठीशी होतो.

ताईला दाखवला. तिने बोटाने ती रेघ सावकाश डावीकडून उजवीकडे नेली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अकरा दिवसांपूर्वी, दुपारी, ताई गेली. राखाडी सदऱ्यात.

आज रंगारी आला होता, पुढची खोली पाहायला. भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणा, तारखा, आकडे. "पोरांचे उद्योग वाटतं, बाई?"

"भूमितीच्या बाईचे," मी म्हटलं. "भिंत सगळी रंगवा. दाराची चौकट सोडा."

"अहो, चौकटीवर निळा खडू लागलाय, घाण दिसेल. हाताने पुसलं तरी जाईल."

"तुम्ही नका पुसू."

तो गेल्यावर दारात उभी राहिले. डावा खांदा चौकटीला टेकवला. समोरच्या बाजूवर उजवी बोटं चालवत नेली. तिच्या खुणा ओलांडून हात सहज वर गेला, पार वर, काही त्रास नाही, सत्तरीकडे निघालेल्या बाईचा धडधाकट हात. मग तो खाली आणला आणि त्या जाड निळ्या रेघेवर थांबवला.

तिथे धरून उभी राहिले. थोड्याच वेळात खांदा थरथरायला लागला आणि अंग आपोआप डावीकडे कलायला बघू लागलं. चौकट होती म्हणून कललं नाही.